तेलातले लोखंड

तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळली आणि ती तळाशी बसू नये म्हणून थोडी इतर द्रव्ये घातली, की चुंबकाच्या हुकमावर चालणारा द्रव तयार होतो. चुंबकीय क्षेत्र नसताना तो जाडसर तेलासारखा वाहतो. क्षेत्र लावताच मिलिसेकंदाच्या आत-बाहेर घट्ट होतो आणि क्षेत्र काढले की तितक्याच तत्परतेने पुन्हा पातळ होतो. अभियंते त्याला एमआर (मॅग्नेटोरिऑलॉजिकल) द्रव म्हणतात. दिसायला तो काळपट आणि हाताला तेलकट असतो. बाटली उचलली की मात्र वजनाने चकित करतो. आकारमानाच्या तीस टक्के लोखंड असेल तर एक लिटर द्रव जवळपास ३ किलो भरतो आणि त्यातले सव्वादोन किलोंहून अधिक निव्वळ लोखंड असते.

हे लोखंड नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळणाऱ्या सळ्या-पत्र्यांच्या जातीचे नाही. लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून आयर्न पेंटाकार्बोनिल नावाचा विषारी द्रव बनतो. त्याची वाफ तापवली की ती फुटते आणि शुद्ध लोखंडाचे गोल कण खाली पडतात. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने १९२५ पासून ही कार्बोनिल लोखंडाची पूड कारखान्यात बनवायला घेतली. कण साधारण १ ते १० मायक्रॉनचे असतात. ते गोल असल्यामुळे एकमेकांवरून सहज घसरतात. शुद्ध असल्यामुळे चटकन चुंबकित होतात, आणि क्षेत्र काढताच चुंबकत्व जवळजवळ पूर्णपणे सोडून देतात. हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा, कारण चुंबकत्व मागे रेंगाळले तर द्रव पुन्हा पातळ होणार नाही.

क्षेत्रात आल्यावर प्रत्येक कण एक छोटा चुंबक बनतो. एकाचे उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला चिकटते आणि क्षेत्ररेषांच्या दिशेने कणांच्या साखळ्या उभ्या राहतात. द्रवाला आडवे वाहायचे तर या साखळ्या तोडाव्या लागतात. त्या तुटेपर्यंत द्रव जागचा हलत नाही. तुटू लागल्या की वाहतो, पण विरोध करत वाहतो. श्रीखंड असेच वागते. वाटी तिरकी केली तरी ते घरंगळत नाही आणि चमच्याने रेटले की सरकते. अशा पदार्थांचे गणित अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले, आणि वाहणे सुरू होण्याआधी जो ताण ओलांडावा लागतो त्याला प्रवाह-सीमा म्हटले तर अर्थ लवकर कळतो. एमआर द्रवाची ही सीमा विजेने हवी तशी वरखाली करता येते. चांगल्या द्रवात ती ५० ते १०० किलोपास्कलपर्यंत जाते. ५० किलोपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो भार. तळहाताएवढ्या, शंभर चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांमध्ये हा द्रव भरून क्षेत्र लावले तर त्या पट्ट्या एकमेकींवरून सरकवायला ५० किलोंचा जोर लागेल.

एमआर द्रवाची त्याच्या दोन नातलगांशी गल्लत होते. फेरोफ्लुइड नासाचे अभियंता स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये रॉकेटच्या इंधनासाठी बनवले. त्यातले कण १० नॅनोमीटरच्या घरातले, म्हणजे शेकडो पटींनी लहान असतात. ते कधीच खाली बसत नाहीत, पण घट्टही फारसे होत नाहीत. दुसरा नातलग विजेच्या क्षेत्राने घट्ट होतो. त्याला हजारो व्होल्ट लागतात आणि त्याची ताकदही एमआर द्रवाच्या पासंगाला पुरत नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि ट्रकची २४ व्होल्टची. तेवढ्यावर एका कॉइलमधून एक-दोन अँपिअर सोडले की एमआर द्रवाचे काम होते. वाहन उद्योगाने या तिघांतून त्याला निवडण्याचे हे साधे कारण आहे.

एमआर द्रवाचा शोध नवा नाही. जेकब रॅबिनो हा खारकीव्ह शहरात जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला संशोधक. तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत काम करताना त्याने १९४८ मध्ये चुंबकी द्रवाचा क्लच जगापुढे ठेवला. त्याच्या नावावर दोनशेहून अधिक पेटंटे आहेत. या द्रवाची ताकद दाखवण्यासाठी ११७ पौंड, म्हणजे सुमारे ५३ किलो वजनाच्या एका स्त्रीला त्याच्या छोट्याशा उपकरणाच्या आधारावर अधांतरी लोंबकळवल्याचे छायाचित्र या विषयाच्या इतिहासात अजून छापले जाते. त्यानंतर मात्र जवळपास चार दशके हा द्रव प्रयोगशाळांच्या फळीवर पडून राहिला. तो महिनोन्महिने एकजीव राहत नसे, आणि त्याला सेकंदाला शेकडो वेळा हुकूम देईल असा स्वस्त संगणकही नव्हता. त्याचा कोरडा भाऊ तेवढा मध्ये एकदा रस्त्यावर येऊन गेला. जपानच्या सुबारूने १९८०च्या दशकात जस्टी या छोट्या गाडीत तेलाशिवायच्या चुंबकी भुकटीचा क्लच बसवला होता. त्या गाडीला क्लचचे पेडल नव्हते.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील लॉर्ड कॉर्पोरेशनने द्रवाची रसायनविद्या सुधारली. पहिली गिऱ्हाइके मोटारींची नव्हती. व्यायामशाळेतल्या सायकलचा ब्रेक आणि मग १९९८ मध्ये अवजड ट्रकच्या चालकाचे आसन अशा क्रमाने हा द्रव बाजारात उतरला. आलिशान मोटारी त्यानंतर आल्या. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आज या द्रवाचे नाव निघाले की स्पोर्ट्स कारच आठवते.

गाडीत या द्रवाचे मुख्य काम डँपरचे, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात त्याचे. धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा ट्रकचे कमानपाटे. शॉकअप त्या स्प्रिंगचे हिंदकळणे थांबवतो. साध्या शॉकअपमध्ये तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या असतो आणि दट्ट्याला ठरावीक मापाची भोके असतात. भोके मोठी ठेवली तर गाडी मऊ चालते, पण वळणावर झुकते आणि खड्ड्यानंतर डोलत राहते. लहान ठेवली तर रस्त्याला चिकटून चालते, पण प्रत्येक खडा पाठीला कळवते. कारखान्यात एकदा माप ठरले की ठरले.

मुंब्रा–पनवेल महामार्ग नावडे फाट्यावरून कळंबोलीकडे जातो, त्या पट्ट्यात या तडजोडीच्या मर्यादा उघड होतात. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला सिडकोची नावडे वसाहत, पुढे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि न्हावा शेवा बंदराकडे वळणारी कंटेनरची वाहतूक. भरलेले ट्रेलर, रिकामे परतणारे टँकर, रिक्षा, दुचाक्या आणि घरच्या मोटारी एकाच डांबरावरून जातात. पावसाळ्यात खड्डे पडतात, त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि जोडीला गतिरोधक असतातच. तीच मोटार पुढे कळंबोलीला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चढते, तेव्हा तिला काही किलोमीटर आधी हवा होता त्याच्या उलट स्वभावाचा शॉकअप हवा असतो.

वेळेचा हिशेब घातला की अडचण नेमकी कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला ११ मीटर धावते. अर्धा मीटर लांबीचा खड्डा ते ४५ मिलिसेकंदांत ओलांडते. शॉकअपला स्वभाव बदलायचा असेल तर या ४५ मिलिसेकंदांच्या आत आणि तोही एकदा नाही, दोनदा बदलावा लागतो: चाक खाली पडताना सैल आणि वर उसळताना आवळलेला. गाडीचे धड सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हिंदकळते, चाक मात्र दहा ते पंधरा वेळा. दोघांना एकाच शॉकअपने आवरायचे असते.

ते कसे आवरावे याचे गणित अमेरिकी अभियंता डीन कार्नॉप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. गाडीचे धड आकाशातल्या एखाद्या स्थिर आकड्याला शॉकअपने टांगले आहे अशी कल्पना करायची आणि तसा शॉकअप जितका जोर लावेल तितका खऱ्या शॉकअपकडून मिळवायचा. आकाशात आकडा नसतो, म्हणून धडाचा आणि चाकाचा वेग सतत मोजून, ज्या क्षणी खरा शॉकअप योग्य दिशेने जोर लावू शकतो त्या क्षणी त्याला घट्ट करायचे आणि एरवी सोडून द्यायचे. नियम दोन ओळींचा आहे. तो पाळण्यासाठी लागणारी चपळाई मात्र यांत्रिक झडपेत नव्हती.

एमआर द्रवात ती आहे. अशा डँपरच्या दट्ट्यात भोकांऐवजी साधारण एक मिलिमीटर रुंदीची गोल फट असते आणि दट्ट्याच्या पोटात तांब्याची कॉइल. प्रवाह सोडला की फटीतला द्रव साखळ्या धरतो आणि दट्ट्याला अडवतो. हलणारी झडप नाही, तिची स्प्रिंग नाही. डेल्फाय कंपनीने लॉर्डच्या द्रवावर बांधलेली मॅग्नेराइड ही यंत्रणा २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस या मोटारीत बसली. जनरल मोटर्सने लगेच ती कॉर्व्हेटलाही दिली. २००६ मध्ये ऑडी टीटी आणि फेरारी ५९९, २०११ मध्ये रेंज रोव्हर इव्होक, पुढे फोर्डची शेल्बी मस्टँग अशी यादी वाढत गेली. यंत्रणा सेकंदाला हजार वेळा हिशेब करते असे कंपनी सांगते, म्हणजे ताशी ४० च्या वेगात चाक जेमतेम एक सेंटिमीटर सरकेपर्यंत एक निर्णय. डेल्फायचा हा विभाग २००९ मध्ये चीनच्या बीडब्ल्यूआय समूहाकडे गेला आणि लॉर्ड कंपनी २०१९ मध्ये पार्कर हॅनिफिनने विकत घेतली.

‘द्रव मिलिसेकंदात घट्ट होतो’ या वाक्यात जाहिरातीला सोयीचे अर्धसत्य आहे. द्रव तेवढा चपळ असतोच, कॉइल नसते. कॉइलमधला प्रवाह चढायला वेळ लागतो, आणि बदलत्या क्षेत्रामुळे दट्ट्याच्या लोखंडात भोवरी प्रवाह उठतात ते क्षेत्राला मागे खेचतात. त्यामुळे संपूर्ण डँपरला प्रतिसाद द्यायला द्रवापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. मॅग्नेराइडच्या नंतरच्या पिढीत एका मोठ्या कॉइलऐवजी दोन लहान कॉइली आल्या त्या हा उशीर कमी करण्यासाठी.

या तंत्रज्ञानाचे महाराष्ट्राशी असलेले नाते आजवर थोडे तिरपेच राहिले. ते सर्वांत आधी मोटारीत आणणाऱ्या जनरल मोटर्सचा कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता. तिथे स्पार्क आणि बीटसारख्या लहान गाड्या बनल्या. त्यांच्या किमतीत हा डँपर बसण्याचा प्रश्नच नव्हता. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२०च्या अखेरीस उत्पादनही थांबले आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. दुसरे नाते टाटांचे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, म्हणजे २०११ ची इव्होक बाजारात आली तेव्हा तिची मालकी मुंबईत होती, आणि २०१५ पासून तिची जुळणीही पुण्यात होऊ लागली. चुंबकी डँपर मात्र या मोटारीच्या निवडक आवृत्त्यांपुरता होता.

एवढा गुणी द्रव वीस वर्षांत सामान्य मोटारीत का उतरला नाही, याची उत्तरे बहुतेक त्याच्या घडणीतच आहेत. लोखंड तेलाच्या नऊ-दहा पट जड. गाडी महिनाभर उभी राहिली तर कण तळाशी जातात. चिकणमाती, सिलिका किंवा ग्रीससारखी द्रव्ये घालून त्यांना तरंगत ठेवता येते, पण ती जास्त झाली तर द्रव क्षेत्राशिवायही जाड राहतो आणि मग डँपर मऊ होतच नाही. थोडे बसले तरी चालते, कारण दट्ट्या दोन-चार वेळा हलला की ढवळले जाते. बसलेला गाळ दगडासारखा घट्ट होता कामा नये एवढीच खरी अट आहे. प्रयोगशाळेत या अवसादनावर, म्हणजे कण तळाशी बसण्यावर, लिहिल्या जाणाऱ्या निबंधांची संख्या पाहता संशोधकांनी सोप्या प्रश्नावर जरा जास्तच शाई खर्च केली असे म्हणावे लागते.

अवघड प्रश्न वेगळाच निघाला. सुरुवातीच्या द्रवांवर लाखो आवर्तने झाली की ते हळूहळू दाट होत आणि शेवटी त्यांची पेस्ट बने. कणांच्या पृष्ठभागावरचा कडक, ठिसूळ थर घासून सुटे. त्याचे नॅनोमीटर आकाराचे तुकडे तेलात पसरत आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असल्याने सगळे तेल शोषल्यासारखे होई. नवा असताना उत्तम वाटणारा द्रव वापरात टिकत नसे. लॉर्ड कंपनीच्या संशोधकांनी आपला बराचसा काळ या एका दोषावर घालवला, आणि आज बाजारात टिकलेल्या द्रवांचे खरे भांडवल तिथेच आहे. शिवाय लोखंडाची पूड हा मुळात घासणीचा माल आहे. सील, दांडा आणि नळीचा आतला भाग या सर्वांना अधिक कडक मुलामा लागतो. सील गळू लागले की द्रव बदलून भागत नाही, आख्खा डँपर बदलावा लागतो. फाट्यावरच्या गॅरेजमध्ये शॉकअप उघडून तेल भरून देणारा कारागीर इथे काहीच करू शकत नाही.

त्यातच झडपेच्या डँपरने मधल्या काळात पल्ला गाठला. विजेवर उघडझाप करणारी झडप आता दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास प्रतिसाद देते, साध्या तेलावर चालते आणि स्वस्त पडते. ४५ मिलिसेकंदांच्या खड्ड्याला ती पुरते. चाकणमध्ये बनणाऱ्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या मोटारींत, रस्त्यानुसार स्वभाव बदलणारे अर्धसक्रिय डँपर वरच्या आवृत्त्यांत आले. म्हणजे जी सोय वीस वर्षांपूर्वी कॅडिलॅकमध्ये होती ती इथल्या मोटारीत पोहोचली. १९६१ पासून शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. वाहने आणि सुटे भाग तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. डँपर बनवण्याचे, मोजण्याचे आणि मान्यता देण्याचे ज्ञान राज्यात भरपूर आहे. चुंबकी द्रवाला स्थान मिळायचे असेल तर ते या झडपेला किमतीत हरवून मिळणार नाही. जिथे झडप मुळातच कमी पडते अशी कामे शोधावी लागतील.

अशी कामे आहेत. विजेच्या मोटारीत शेकडो किलोंची बॅटरी तळाशी असते. चाकातच मोटर बसवली तर चाकही जड होते आणि त्याची उसळी आवरणे कठीण जाते. तिथे डँपरची चपळाई अधिक लागते. इंजिनाच्या माउंटमध्ये पोर्शेने ९११ जीटी३ साठी हा द्रव आधीच वापरला आहे. रिकाम्या गतीला माउंट मऊ ठेवून थरथर रोखायची, वळणावर कडक करून इंजिनाचे वजन डुलू द्यायचे नाही. डँपर कितीही हुशार असला तरी तो ऊर्जा फक्त खाऊ शकतो, चाकाला उचलून धरू शकत नाही. त्यासाठी मोटर लागते. सतत फिरणारी एक छोटी मोटर आणि तिचा जोर क्षणात जोडणारा-तोडणारा एमआर क्लच अशी जोडी करून चाक खरोखर उचलणारे सस्पेन्शन बनवण्याचे प्रयत्न कॅनडात चालू आहेत. रॅबिनोचा मूळ क्लच असा वेगळ्या वाटेने परत येतो आहे. वेगाने फिरणाऱ्या क्लचमध्ये मात्र जड कण केंद्रापासून बाहेर फेकले जातात, ही अडचण त्याच्या काळापासून तशीच आहे.

ब्रेकबद्दल सावध राहावे. पेडलपासून चाकापर्यंत तेलाची नळी नको, फक्त तार पुरे, हा विचार आकर्षक आहे आणि त्यावर अनेक विद्यापीठांनी नमुने बनवले. एमआर ब्रेकमध्ये पट्ट्या द्रवातच फिरतात, त्यामुळे ब्रेक सुटा असतानाही थोडा विरोध उरतो आणि बॅटरीचा पल्ला खातो. उष्णतेचा प्रश्न त्याहून कठीण. हा द्रव साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत सुखाने काम करतो. बोरघाट उतरणाऱ्या भरलेल्या वाहनाच्या ब्रेकचे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. दुचाकी, हातगाडीवजा सामानवाहू वाहने किंवा फक्त तारेने स्टिअरिंग होणाऱ्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकाला रस्त्याची जाणीव परत देणारा छोटा ब्रेक, इतपत मजल नजीकच्या काळात शक्य दिसते.

नावडे–कळंबोलीसारख्या रस्त्यावर या द्रवाचा सर्वांत सरळ उपयोग ट्रकचालकाच्या आसनात आहे. माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते. कमानपाट्यांवरचा ट्रक, आणि विशेषतः रिकामा परतणारा, नेमक्या याच पट्ट्यात चालकाला हादरवतो. पाटे बदलणे महाग, कारण त्यांना १० टनांपासून पुढचा भार पेलायचा असतो. आसनाला एका माणसाचाच भार पेलायचा असतो. त्याखाली हवेची पिशवी आणि एक एमआर डँपर बसवला, त्यात शंभर मिलिलिटरपेक्षाही कमी द्रव आणि काही वॅट वीज पुरते. द्रवाचे महागपण इथे फारसे आड येत नाही. ताप, वेग आणि भार यांतले काहीही टोकाचे नसल्याने तो दीर्घकाळ टिकतो. मोठा खड्डा आल्यावर आसन तळाला आपटून मणक्याला जो हिसका बसतो, तो रोखण्यात चुंबकी डँपर साध्या डँपरपेक्षा स्पष्टपणे सरस ठरतो: आसनाची जागा मोजणारा संवेदक तळ जवळ आल्याचे सांगतो आणि डँपर शेवटच्या काही सेंटिमीटरांत आवळतो.

युरोपीय संघाने २००२ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार आठ तासांच्या पाळीत चालकाला बसणाऱ्या कंपनाची सरासरी दर सेकंदवर्गाला अर्ध्या मीटरवर गेली की मालकाने उपाय योजावेत, आणि १.१५ मीटरच्या वर ती जाऊच नये, असे बंधन आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. तो नियम उन्हापुरता आहे. आसन हा ट्रकचा सुटा, बोल्टने बसणारा भाग असल्याने कंपनाचा उपाय जुन्या गाडीतही करता येतो. जुने आसन काढायचे, नवे त्याच भोकांवर बसवायचे आणि केबिनमधल्या २४ व्होल्टच्या तारेला जोडायचे.